लक्ष्मीचा जप आणि श्रीसूक्त

लक्ष्मीचा बीजमंत्र ‘श्रीं’. जपाला बहुधा कमळगट्ट्याची, म्हणजे कमळाच्या वाळलेल्या बियांची माळ घेतात, स्फटिकाचीही चालते. मणी 108, वर मेरुमणी. माळ मधल्या बोटावर धरून अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लागू द्यायची नाही. मेरुमणी आला की तो न ओलांडता माळ उलटी फिरवायची. हात गोमुखीत, म्हणजे जपाच्या कापडी पिशवीत झाकलेला असतो.

मोठ्याने केलेला जप वाचिक, ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू येत नाही तो उपांशू, आणि मनातल्या मनात चालतो तो मानस. मनुस्मृती मानस जपाला सर्वांत श्रेष्ठ मानते. नवख्याने मात्र उपांशूनेच सुरुवात करावी. मन भरकटलं की ओठ थांबतात आणि लगेच लक्षात येतं.

या उपासनेचा जुना आधार म्हणजे ऋग्वेदाच्या खिलभागातलं, म्हणजे परिशिष्टातलं श्रीसूक्त : 15 ऋचा आणि 16वी फलश्रुतीची. ते नुसतं सोनं मागत नाही. गाई, घोडे, अन्न, कीर्ती मागतं. कर्दम आणि चिक्लीत, म्हणजे चिखल आणि ओलावा, ही देवीची मुलं. भूक-तहानेने मळलेली अलक्ष्मी घरातून जावी, ही प्रार्थनाही त्यात आहे. शेतकऱ्याला ही लक्ष्मी लगेच ओळखू येईल. झटपट श्रीमंतीची हमी देऊन विकल्या जाणाऱ्या मंत्रांशी तिचं काही नातं नाही.

श्रीसूक्त स्वरांसह म्हणायचं असतं. पुस्तकावरून पाठ करण्याआधी एकदा जाणत्याकडून ते शिकून घ्या.