सदिश आणि त्याचे घटक : माध्यमिक अध्यापनाच्या दृष्टीने

ज्या राशीस परिमाण आणि दिशा दोन्ही असतात ती सदिश राशी, अशी व्याख्या माध्यमिक शाळेत प्रथम सांगितली जाते. ती सोयीची असली तरी अपुरी आहे. पुस्तक एखाद्या अक्षाभोवती ९० अंशांतून फिरविले, तर त्या भ्रमणास परिमाण असते आणि अक्षाच्या रूपाने दिशाही असते. तथापि, परस्परलंब अक्षांभोवतीची अशी दोन भ्रमणे क्रम बदलून केल्यास पुस्तकाची अंतिम स्थिती निराळी येते. सदिशांच्या बेरजेत मात्र क्रमास महत्त्व नसते. तेव्हा सदिशाचे खरे लक्षण समांतरभुज चौकोनाच्या नियमाने होणारी बेरीज हे होय, आणि अध्यापनाचा आरंभही तेथूनच व्हावयास हवा.

पूर्वेस ३ किलोमीटर आणि नंतर उत्तरेस ४ किलोमीटर गेल्यास एकूण विस्थापन ५ किलोमीटर होते, हे विद्यार्थ्यास सहज पटते. घटक काढणे ही याच क्रियेची उलट बाजू आहे. परंतु बेरजेचे उत्तर एकच असते, तर विघटन अनेक प्रकारे करता येते. हेच विस्थापन त्याच्याच दिशेने घेतलेल्या अक्षावर मोजले, तर घटक ५ आणि ० येतात. घटक बदलले; विस्थापन बदलले नाही. घटक हे सदिश आणि निवडलेले अक्ष या दोहोंवर अवलंबून असतात, ही गोष्ट सूत्रे पाठ करण्यापूर्वी मनात ठसली पाहिजे.

ती न ठसल्याचा परिणाम उतरणीच्या उदाहरणात दिसतो. ३० अंशांच्या घर्षणरहित उतरणीवर १०० न्यूटन वजनाचा ठोकळा ठेवला आहे. वजनाचा उतरणीच्या दिशेतील घटक ५० न्यूटन आणि तिला लंब घटक सुमारे ८६.६ न्यूटन येतो. पुष्कळदा विद्यार्थी आकृतीत वजन आणि त्याचे दोन्ही घटक एकत्र दाखवितो आणि एकच बल दोनदा मोजतो. वस्तुतः ठोकळ्यावर दोनच बले आहेत : वजन आणि उतरणीची लंब प्रतिक्रिया.

प्रतिक्रिया ८६.६ न्यूटन असल्याने लंब दिशेत समतोल राहतो आणि परिणामी बल उतरणीवरून खाली ५० न्यूटन ठरते. आता क्षैतिज आणि ऊर्ध्व अक्ष घेऊन पडताळा पाहावा. प्रतिक्रियेचा ऊर्ध्व घटक ७५ न्यूटन, म्हणून खालच्या दिशेने २५ न्यूटन उरतात. तिचा क्षैतिज घटक सुमारे ४३.३ न्यूटन आहे. या दोन संख्यांच्या वर्गांची बेरीज सुमारे २५००, म्हणजे परिणामी बल पुन्हा ५० न्यूटनच. विद्यार्थ्याकडून हे गणित दोन्ही रीतींनी करवून घेतल्यास अक्षांची निवड ही सोय आहे, निसर्गाचा नियम नव्हे, हे त्यास स्वतःच कळते.

या विषयाचा इतिहासही हेच सुचवितो. मॅक्सवेलच्या १८७३ मधील ग्रंथात विद्युच्चुंबकीय समीकरणे मुख्यतः घटकांच्या रूपात आहेत. पुढे गिब्ज आणि हेविसाइड यांनी सदिश-लेखनपद्धती रूढ केली. या पद्धतीचे सामर्थ्य असे की, अक्षांचा उल्लेख न करता भौतिक नियम मांडता येतो. पदव्युत्तर वर्गात प्रदिशांचा अभ्यास करताना हाच विचार पुन्हा भेटतो. घटक म्हणजेच सदिश असा समज शाळेत दृढ झाला, तर तेथे तो प्रयासाने मोडावा लागतो.