व्हिसा नको, लालपरी पुरे!

'कंधारला चाललेय' असं म्हटलं की लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. या कंधारला विमान लागत नाही आणि तालिबानही नाही. तरीही ते माझ्या घरापासून अठ्ठ्याहत्तर वर्षं लांब होतं...

लाँग वीकएंडला कुठे? आमच्या ग्रुपचा हा लाडका प्रश्न. एकीने बाली म्हटलं, दुसऱ्याने व्हिएतनाम. मी म्हटलं, "कंधार." टेबलवर दोन सेकंद सन्नाटा! मग एकाने अगदी सीरियसली विचारलं, "अगं, सेफ आहे का?"

चूक त्याची नाही. आमच्या पिढीला कंधार माहितीये ते आयसी-८१४ मुळे. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून निघालेलं विमान पळवलं गेलं आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी प्रवासी सुटले ते अफगाणिस्तानातल्या कंधारमधून. तेव्हा मी दुपट्यात होते. ज्यांनी बातम्या पाहिल्या नाहीत त्यांनी २०२४ मध्ये आलेली वेबसीरिज पाहिली. माझं कंधार मात्र नांदेड जिल्ह्यात, मन्याड नदीच्या काठी आहे. पुण्याहून रात्रीची गाडी, सकाळी नांदेड, तिथून एसटी. लोहामार्गे साधारण पन्नास किलोमीटर. बास.

गंमत म्हणजे हा घोळ नवा नाही. शहाजहानच्या फौजेने १६३१ मध्ये हे दख्खनचं कंधार घेतलं आणि १६३८ मध्ये ते तिकडचं अफगाणी कंधारही त्याच्या हाती आलं. तिकडचं १६४९ मध्ये गेलंसुद्धा, इकडचं राहिलं. त्या काळचे मुन्शी दोन्ही नावं लिहिताना किती वेळा गोंधळले असतील!

पण मी चालले होते ते आजीमुळे. आजी १९४८ मध्ये कंधारातून निघाली तेव्हा नऊ वर्षांची होती. रझाकारांची धामधूम, रात्रीची बैलगाडी, पैनगंगा ओलांडून उमरखेड आणि तिथून पुण्याला मामाकडे. परत कधीच गेली नाही. का नाही गेलीस, असं विचारलं की म्हणते, "तिकडं मोगलाई होती गं." लहानपणी मला वाटायचं, आजी मोगलांच्या काळातली आहे. मोठेपणी कळलं, ती शब्दशः खरं बोलत होती. कंधार तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्यांचा रुपया वेगळा, हाली सिक्का. इंग्रजांचा तो कलदार. स्टॅम्प वेगळे, रेल्वे वेगळी, सीमेवर करोडगिरीचे नाके, म्हणजे आपलं कस्टम्स. विद्यापीठात शिकायचं तर उर्दूतून. १५ ऑगस्ट १९४७ ला आपल्याकडे जल्लोष झाला, तिथे स्वातंत्र्य उजाडायला १७ सप्टेंबर १९४८ यावा लागला. आजी अक्षरशः परदेशातून आलेली आहे. मी थायलंड पाहिलंय, सिंगापूर पाहिलंय. आजीचा देश पाहिला नव्हता.

निघताना तिने एकच विचारलं, "खंदकात पाणी आहे का, बघून सांग."

एसटीत शेजारच्या मावशींनी पहिल्या पाच मिनिटांत माझं गाव, पगार आणि लग्न या तिन्ही विषयांचा फडशा पाडला. "एकलीच फिरूलालाव? कशाला?" मी म्हटलं, किल्ला बघायला. "किल्ला? त्यात काय बघायचंय?" हे 'फिरूलालाव' माझ्या पुणेरी कानाला आधी कळेचना. 'फिरताय'चं हे इकडचं रूप, नांदेड-लातूरचं. लोहा येईपर्यंत मी मनातल्या मनात प्रॅक्टिस करत होते.

आणि मग किल्ला. डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना भुईकोट जरा फसवतो. चढ नाही, दम लागत नाही, गाव संपतं न संपतं तोच समोर काळी तटबंदी. आत शिरलात की मात्र वळणावळणाच्या वाटा आणि एकाआड एक भिंती सुरू होतात. सुरुवात राष्ट्रकूटांपासून सांगतात. दहाव्या शतकातला तिसरा कृष्ण, राजधानी मालखेड, पण बिरुद मिरवायचा 'कंधारपुराधीश्वर'. इथला जगत्तुंग तलावही त्याच घराण्याच्या राजाच्या नावाचा. पुढे यादव, बहमनी, निजामशाही, मोगल, आसफजाही. ज्याने त्याने आपापली भर घातली. मलिक अंबरचं नाव इथे आजही आदराने निघतं. गावातल्या हाजी सय्याह दर्ग्याला सगळ्या जातिधर्माचे लोक जातात, हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी न विचारता सांगितलं.

मला सगळ्यात हलवलं ते क्षेत्रपालाने. राष्ट्रकूट काळात इथे क्षेत्रपालाची अवाढव्य मूर्ती होती, आता तिचे तुकडे उरलेत. दगडाच्या एका तुकड्यात पाऊल ओळखू येतं आणि तुम्ही मनात हिशेब करायला लागता. पाऊल एवढं, तर गुडघा कुठे? डोकं कुठे? मान आपोआप वर जाते आणि वर फक्त आकाश असतं. मी फोटो काढले, पण एकातही तो आकार आला नाही.

आजीचा वाडा शोधण्यात अर्धा दिवस घालवला. पत्ता म्हणजे काय, तर 'पिंपळाच्या पारासमोर, दिंडीदरवाजा'. पार दोन सापडले. एकासमोर मोबाइलचं दुकान, दुसऱ्यासमोर तीन मजली स्लॅबचं घर. दुकानातल्या आजोबांनी चहा पाजला, आडनाव दोनदा घोळवून पाहिलं आणि मान हलवली. मला वाटलं होतं, सिनेमात होतं तसं कुणीतरी उठून म्हणेल, 'अरे, तुम्ही त्यांची नात!' तसं काही झालं नाही. खरं सांगू? रडू यायच्या बेतात होतं. दुपारी एका खानावळीत भाकरी, येसर आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा खाल्ला. रडायला ते निमित्त बरं होतं.

संध्याकाळी पुन्हा किल्ल्यावर गेले. खंदकात पाणी होतं. हिरवट, शेवाळलेलं, पण होतं! आजीला व्हिडिओ कॉल लावला. आधी नेहमीप्रमाणे तिचा कान दिसला, मग कपाळ, मग चष्मा.

"हे बघ, पाणी."

ती काही बोलली नाही. मला वाटलं, रेंज गेली. मी कॅमेरा फिरवत तटाच्या कडेने पुढे चालायला लागले, बुरूज दाखवायला. तेवढ्यात फोनमधून आवाज आला. पंचाहत्तर वर्षं सदाशिव पेठेत राहिलेल्या, माझ्या 'ण' आणि 'न'ची चूक काढणाऱ्या आजीचा.

"थांब की गं! पाण्याच्या कडंनं कुठं जाऊलालीस?"