कॅबिनेटमधला वारा

आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड पूर्ण भारावर ४५० वॅटपर्यंत वीज घेते आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन कॅबिनेटमध्ये उतरते. म्हणून पंखे वाढवण्याआधी आहेत त्यांची दिशा तपासा. समोरून हवा आत, मागून आणि वरून बाहेर, ही भरवशाची मांडणी. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या पट्ट्या दिसतात, सहसा तिकडून हवा बाहेर पडते.

खरा घात करते ती समोरची बंद काच. ती पंख्यांचा श्वासच कोंडते. दर्शनी पॅनल काढून तासभर गेम चालवून पाहा. तापमान ठळकपणे उतरले, तर दोष पंख्यांचा नाही. नवे कॅबिनेट घेताना जाळीदार तोंडाचेच घ्या, दिसायला साधे असले तरी.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त ठेवली, की फटींतून धूळ ओढली जात नाही, बरीचशी फिल्टरवरच अडते. तो वरचेवर झाडायला हवा. ब्लोअर मारताना पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर भरधाव फिरून बेअरिंग खराब होऊ शकते. एसएमपीएसचे तोंड खाली असेल तर कॅबिनेट गालिच्यावर नको.

आणि विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असेल, तर साधा किंवा लिक्विड, कोणताही कूलर प्रोसेसरला त्याखाली नेऊ शकत नाही. तिथे आधी खोली थंड करावी लागते.