पत्र्याच्या ट्रंकेतली नूतन

सिनेमातल्या नट-नट्यांच्या वेडाविषयी आम्हां मास्तरमंडळींचे मत फारसे चांगले नसते. रिकाम्या मनाचा तो उद्योग, असे मीही आजवर वर्गात आणि घरात ठणकावून सांगत आलो. पण गेल्या उन्हाळ्यात टेंभी नाक्यावरचे आमचे जुने घर पाडून तिथे नवी इमारत बांधायचे ठरले, सामानाची आवराआवर सुरू झाली आणि माळ्यावरून आत्याची पत्र्याची ट्रंक खाली आली. तेव्हापासून माझा आवाज जरा खाली आला आहे.

ट्रंकेत सहा जाडजूड वह्या होत्या. पानापानांवर खळीने चिकटवलेली कात्रणे, आणि सगळी एकाच व्यक्तीची : नूतन!

"आत्या, ही रद्दी द्यायची ना?" मी विचारले.

ऐंशी ओलांडलेली आत्या खुर्चीतूनच म्हणाली, "आधी वाच. मग रद्दी म्हण. प्राध्यापक ना तू?"

मग काय, मांडी ठोकून बसलो. नूतनचा जन्म 4 जून 1936 चा. आई शोभना समर्थ. 1943 च्या 'रामराज्या'तली सीता म्हणून त्यांना सारा देश ओळखत होता. वडील कुमारसेन समर्थ दिग्दर्शक. 1950 साली आईनेच 'हमारी बेटी' या चित्रपटातून मुलीला पडद्यावर आणले. पुढल्याच वर्षीचा 'नगीना' फक्त प्रौढांसाठी ठरला, आणि नायिकाच अल्पवयीन म्हणून तिला थिएटरात सोडले नाही, ही गंमत तर प्रसिद्धच आहे. 1955 च्या 'सीमा'त चोरीचा खोटा आळ आलेली, कुणालाही न जुमानणारी गौरी तिने उभी केली. मग बिमल रॉय यांचे 'सुजाता' (1959) आणि 'बंदिनी' (1963). फिल्मफेअरचे उत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक तिने पाच वेळा मिळवले. हा विक्रम कितीतरी वर्षे तिच्या एकटीच्या नावावर होता. पुढे तिचीच भाची काजोल हिने त्याची बरोबरी केली.

'बंदिनी'च्या पानावर आत्याने शाईने एक फुली मारली होती. मी कारण विचारले.

"तो तुरुंगातला चांगला डॉक्टर सोडून ती शेवटी त्या आजारी माणसामागे बोटीवर धावते, ते मला पटले नाही. काम मात्र तिने असे केलेय की रडू आवरत नाही. पण पटले नाही ते नाहीच."

म्हणजे ही भक्ती आंधळी नव्हती!

खरा धक्का तिसऱ्या वहीत बसला. डाव्या पानावर 'सुजाता'तले नूतनचे छायाचित्र आणि उजव्या पानावर चार पोस्टकार्डे. वरपक्षाकडून आलेली! दोन कार्डांत पत्रिका जमत नव्हती. तिसऱ्याने आडपडदा ठेवला नव्हता : मुलगी सावळी असून अंगाने फार किडकिडीत वाटली, क्षमस्व.

"ही इथे कशाला चिकटवलीस?"

"त्याच सुमारास 'सुजाता' पाहिला. तोवर मी पाठीला पोक काढून चालत असे. उंच दिसू नये म्हणून. आणि ही पडद्यावर! अशीच किडकिडीत. अंगावर दागिना नाही, साधे सुती पातळ. ब्राह्मणाच्या घरात वाढलेली अस्पृश्याची पोर. 'मुलीसारखी' म्हणतात तिला, 'मुलगी' म्हणत नाहीत. पण कशी ताठ उभी राहते! मला वाटले, मग मीच का मान खाली घालायची? पुढचा मुलगा बघायला आला तेव्हा मीच त्याला विचारले, तुम्हांला स्वयंपाक येतो का? ते चौथे कार्ड त्याचे."

आत्या हसली. मला हसता येईना.

पाचवे कार्ड आले नाही, कारण आत्याने बघण्याचे कार्यक्रमच बंद करवले. मुंबईत सरकारी कचेरीत नोकरी धरली आणि निवृत्तीपर्यंत ठाण्याहून लोकलने ये-जा केली. माझ्या वडिलांचे इंजिनिअरिंग त्या पगारावर झाले. हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक होते. पण चारजणांचे ऐकून गप्प बसण्याच्या त्या काळात एवढे बळ तिने आणले कोठून, हे मात्र कुणी कधी विचारले नव्हते.

मुंब्र्याच्या डोंगरावर नूतनचा बंगला आहे, असे त्या काळी ठाण्यात बोलले जाई. मुंब्रा म्हणजे कळव्याच्या पलीकडचे, दुसरेच स्टेशन!

"भेटायला कधी गेली नाहीस?"

"एकदा गेले होते. स्टेशनबाहेर उभी राहिले, डोंगराकडे पाहिले आणि परत आले. काय सांगणार होते तिला? तुमच्यामुळे माझे लग्न मोडले म्हणून? तिला माझी ओळख नव्हती, हे बरेच होते. मला तिच्याकडून जे हवे होते, ते तिकिटाच्या पैशात मिळाले होते."

21 फेब्रुवारी 1991 रोजी कर्करोगाने नूतन गेली, तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती. मी तेव्हा शाळकरी. त्या संध्याकाळी आत्या जेवली नव्हती, आणि आजीने "कोण गेले गं तुझे?" असे विचारल्यावर ती गॅलरीत निघून गेली, एवढे मला आठवते. आजीच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला तेहतीस-चौतीस वर्षांनी सापडले.

नट-नट्यांच्या मागे लागून आयुष्याची माती करून घेणारे नसतात, असे मी म्हणत नाही. पण कुणाला पडद्यावर केवळ पातळाचा काठ दिसतो आणि कुणाला पाठीचा कणा दिसतो. दोष पडद्याचा कसा म्हणावा?

भाड्याच्या तात्पुरत्या जागेत सामान हलवताना माझी चार गठ्ठे समीक्षेची पुस्तके रद्दीत गेली; जागाच नव्हती. ट्रंक आत्याच्या पलंगाखाली आहे. यंदाच्या दिवाळीत फराळानंतर 'सुजाता' पाहायचा बेत आहे. मुलीने बजावले आहे की बाबांनी मध्ये बोलायचे नाही.