मूल सांगितलेलं लगेच का विसरतं?

‘वही काढा, तारीख घाला, पान 42 वरचं तिसरं गणित सोडवा,’ बाई सांगतात. एखादं मूल वही काढून तसंच बसून राहतं. तो आळसच असेल असं नाही; पुढच्या सूचना डोक्यात टिकल्याच नसतील. ऐकलेलं काही सेकंद धरून ठेवत त्यावर काम करते ती कार्यकारी स्मृती. 1974 मध्ये अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी तिची रचना मांडली. ती छोट्या पाटीसारखी असते. जागा संपली की नवं लिहिताना जुनं पुसलं जातं. काही मुलांची पाटी आणखी लहान असते. म्हणून एका वेळी एकच सूचना द्या, पायऱ्या फळ्यावर लिहा, पाढ्यांचा तक्ता समोर ठेवा. ‘लक्ष कुठंय?’ऐवजी ‘आता पुढची पायरी कोणती?’ असं विचारा.