पुस्तकातला नव्हे, अंगणातला शरद

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये माझी पहिलीतली भाची शाळेतून रंगवायचा एक कागद घेऊन आली. त्यावर एक झाड, खाली पानांचा ढीग आणि वर मोठ्या अक्षरांत 'ऑटम' असे लिहिलेले. पाने लाल, केशरी आणि तपकिरी रंगवायची होती. अर्धी पाने रंगवून झाल्यावर तिने विचारले, "मावशी, आपल्याकडे अशी पानं कधी पडतात?"

मी खिडकीबाहेर पाहिले. पावसाने धुतलेला आंबा हिरवागार होता आणि ऊन मी म्हणत होते. मला पटकन उत्तर सुचले नाही.

काश्मीरमध्ये शरदात चिनारची पाने खरोखर लाल होतात, त्यामुळे ते चित्र काही खोटे नाही. पण महाराष्ट्रात बहुतेक पानगळ संक्रांतीनंतर, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास होते. आपला शरद म्हणजे अश्विन आणि कार्तिक. या दिवसांत प्राजक्ताचा सडा पडतो, बाजारात झेंडूचे ढीग लागतात, शेतात बाजरी आणि सोयाबीनची काढणी होते. हे सगळे शाळेच्या फाटकाबाहेरच असते. मग ते वर्गात का आणू नये? पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी हे काही सोपे उपक्रम.

प्राजक्ताची मोजणी

प्राजक्ताची फुले रात्री उमलतात आणि सकाळी गळून पडतात. म्हणजे ती तोडायची गरजच नाही. मुलांना ओंजळभर फुले वेचून आणायला सांगा. आधी अंदाज करायचा, मग दहा-दहाचे गट करून मोजायचे. दशक-एकक फळ्यावर समजावण्यापेक्षा असे लवकर कळते. नंतर केशरी देठ वेगळे करून कोमट पाण्यात टाका. थोड्या वेळाने पाण्याला रंग येतो. गरम पाण्याचे काम मात्र बाईंनीच करावे. त्या रंगाने मुले चित्र रंगवू शकतात.

एक फूल, अनेक नावे

तुमच्या वर्गात वेगवेगळ्या भाषा बोलणारी मुले असतील तर हा उपक्रम नक्की करा. "तुमच्या घरी या फुलाला काय म्हणतात?" असे विचारा. मराठीत प्राजक्त किंवा पारिजातक, हिंदीत हरसिंगार, बंगालीत शिउली. प्रत्येक मुलाने घरून एक नाव विचारून आणायचे आणि तक्त्यावर लावायचे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी मुलांना आपला शब्द वर्गाला शिकवायची संधी मिळते आणि गप्प बसणारे मूलही त्या दिवशी बोलते.

आपट्याचे एकच पान

दसऱ्याच्या आधी वर्गात आपट्याचे पान दाखवा. मधल्या शिरेवर घडी घातली की दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसतात. 'अर्धा' आणि 'सारखे भाग' या कल्पना इथेच समजतात. मग इतर पाने आणून कोणत्या पानाची घडी अशी जुळते ते शोधायचे. संपूर्ण वर्गाला खाली पडलेली चार-पाच पाने पुरतात. सोने म्हणून लुटण्यासाठी आपट्याच्या आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या कांचनाच्या फांद्या ओरबाडल्या जातात, हेही मुलांना सांगा. बाकीचे सोने कागदाचे कापून करता येते.

तोरणातून रोपे

दसऱ्याचे तोरण सुकले की फेकू नका. झेंडूचे सुकलेले फूल उघडले की पाकळ्यांच्या बुडाशी काळ्या, काडीसारख्या बिया दिसतात. रिकाम्या डब्यात माती घालून त्या पेरा. साधारण आठवडाभरात कोंब दिसू लागतात. मुलांनी रोज एक ओळ लिहायची किंवा छोटे चित्र काढायचे. काही बिया उगवणार नाहीत. त्या का उगवल्या नसतील, यावर मुलांनाच बोलू द्या.

वाढणारी सावली

२२-२३ सप्टेंबरला दिवस आणि रात्र जवळपास सारखे असतात. त्यानंतर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारची सावली थोडी थोडी लांबत जाते. मैदानात एक काठी रोवा. दर सोमवारी दुपारी बाराला सावलीच्या टोकावर खडा ठेवा आणि अंतर पावलांनी मोजा. सूर्याकडे थेट बघायचे नाही, हे मात्र आधीच बजावा.

भोंडल्यातली खिरापत

भोंडल्यात मध्ये हत्तीचे चित्र असते. हादग्याचा संबंध हस्त नक्षत्राशी आहे आणि हस्त म्हणजे हत्ती अशी सांगड घातली जाते. वर्गात मुलगे आणि मुली सगळ्यांनी फेर धरावा. शेवटी डबा झाकून खिरापत ओळखायचा खेळ घ्या. "गोड आहे का?", "कुरकुरीत आहे का?" असे प्रश्न मुलांनी विचारायचे. प्रश्न तयार करणे हा भाषेचा उत्तम सराव आहे. कोणाला दाणे किंवा दूध चालत नसेल तर पालकांकडून आधी विचारून घ्या.

बाईंना वेळ कुठून मिळणार?

चाळीस मुलांचा वर्ग आणि संपवायचा अभ्यासक्रम, ही अडचण खरी आहे. म्हणून आठवड्याला एकच उपक्रम घ्या, तोही वीस मिनिटांचा. मुलांचे सहा-सहाचे गट करा. मोजणे, वाचणे, लिहिणे हे नाहीतरी शिकवायचेच असते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचा भरही तिसरीपर्यंत याच पायाभूत गोष्टींवर आहे. फक्त वहीतल्या गोळ्यांऐवजी हातात फुले येतात. पालकांनीही रविवारी सकाळी मुलांना घेऊन एक फेरी मारली, तर शाळेचे काम हलके होते.

भाचीचा तो कागद आम्ही पूर्ण केला. मग मागच्या कोऱ्या बाजूला तिने तिच्या खिडकीतला ऑक्टोबर काढला. हिरवे झाड, पिवळे ऊन आणि खाली छोटे पांढरे ठिपके. "हा प्राजक्त," ती म्हणाली, "याला रंगवायला फक्त केशरी लागतो, तोही एवढासाच."