हवेतली ऊब बादलीत

कडाक्याच्या हिवाळ्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबला पहाटे गवतावरचं दव गोठतं आणि त्याच्या बातम्या होतात. तरीही नंदुरबार जिल्ह्यात घर तापवणं हा काही बिलाचा विषय नाही. सातपुड्यात चूल आणि शेकोटी असते, खाली तापीकाठी गोधडी पुरते. खर्च होतो तो आंघोळीच्या पाण्यावर. पूर्वी अंगणात तांब्याचा बंब पेटायचा. आता शहादा, तळोदा, नंदुरबारच्या घरांत गीझर असतो, नाहीतर बादलीत सोडलेला हीटरचा रॉड.

गीझर हे प्रामाणिक यंत्र आहे. एक युनिट वीज दिली की एक युनिट उष्णता देतं. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला जवळजवळ ३ युनिट लागतात. गीझर कितीही महागाचा घ्या, हा हिशेब बदलत नाही, कारण तिथे विजेचीच उष्णता होते.

उष्णता पंप, म्हणजे बाजारातला ‘हीट पंप’, तेवढंच पाणी साधारण १ युनिटात तापवतो. यात चमत्कार काही नाही. विहिरीवरची मोटर पाणी तयार करत नाही, खालचं पाणी उचलून वर आणते; हा पंप हवेतली उष्णता उचलून टाकीत आणतो. वीज लागते ती फक्त उचलण्यापुरती.

यंत्राच्या आत फ्रिजसारखाच गॅस फिरतो. अनेक यंत्रांत वापरला जाणारा आर-१३४ए हा गॅस नेहमीच्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांनाच उकळतो. त्यामुळे पहाटेची १० अंशांची गार हवाही त्याला उकळायला पुरेशी गरम असते. पंखा नळ्यांवरून हवा खेळवतो, नळ्यांतला द्रव त्या हवेतली उष्णता शोषून घेतो आणि त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. दाब वाढला की तापमानही चढतं. ही तापलेली वाफ टाकीभोवतीच्या वेटोळ्यातून जाताना पुन्हा द्रव होते आणि शोषलेली सगळी उष्णता पाण्याला देऊन टाकते. पुढे एका अरुंद झडपेतून जाताना दाब उतरतो, द्रव गार होतो आणि फेरा पुन्हा सुरू. जुन्या फ्रिजच्या मागच्या काळ्या जाळीला हात लावून पाहा. ती गरम लागते, कारण आतल्या दुधाभाजीतून काढलेली उष्णता तिथून बाहेर पडत असते.

कल्पना जुनी आहे. लॉर्ड केल्विन यांनी ती १८५२ मध्येच मांडली होती, आणि झुरिकच्या नगरभवनात १९३८ पासून लिमॅट नदीच्या पाण्यातली उष्णता काढून इमारत उबदार ठेवली जात होती.

विहीर जितकी खोल तितकी मोटरला वीज जास्त. इथे खोली म्हणजे हवा आणि पाणी यांच्या तापमानातला फरक. पाणी ५० अंशांवर न्यायचं असेल आणि बाहेर उणे १० असेल, तर आदर्श यंत्रसुद्धा १ युनिटात ५.४ युनिटांपेक्षा जास्त उष्णता आणू शकत नाही. बाहेर १५ अंश असतील तर ही मर्यादा ९ च्या वर जाते, ३० अंशांना १६ वर. प्रत्यक्षातली यंत्रं मर्यादेच्या बरीच खाली राहतात, पण कल तोच. तापी खोऱ्यात डिसेंबरातही दुपार चांगली उबदार असते. म्हणून इथे हे यंत्र पहाटे चालवूच नये. दुपारी चालवावं आणि पाणी जाड अस्तराच्या टाकीत साठवावं. सकाळपर्यंत ते आंघोळीजोगं राहतं. छतावर सौर पॅनेल असतील तर दुपारची वीजही घरचीच.

मग प्रत्येकाने गीझर काढून टाकावा का? माझ्या मते नाही. चार माणसांच्या घरात दिवसाला २ युनिट वाचतील. युनिटला १० रुपये धरले तरी चार महिन्यांच्या थंडीत २४०० रुपये. यंत्राची किंमत मात्र गीझरच्या कित्येक पट आहे. ज्या घराच्या गच्चीवर सावली पडत नाही, त्याने आधी सौर बंब बसवावा.

खरा उपयोग आहे तो आश्रमशाळा आणि वसतिगृहांत. आदिवासी विकास विभागाच्या नंदुरबार आणि तळोदा प्रकल्पांत अशा शाळा पुष्कळ आहेत, धडगावसारख्या थंड डोंगरपट्ट्यातही. २०० मुली, प्रत्येकीला २० लिटर, म्हणजे ४००० लिटर पाणी. ते विजेवर तापवायला रोज सुमारे ११६ युनिट. उष्णता पंपाला ३९ च्या आसपास. १०० दिवसांत ७७०० युनिट वाचतात, त्याच हिशेबाने ७७ हजार रुपये. ढगाळ दिवशी सौर बंब गार पडतो, तेव्हाही हे यंत्र चालतं. डिसेंबरच्या सकाळी लहान मुलींना गार पाण्याने आंघोळ करावी लागू नये, ही काही चैनीची मागणी नाही.

अडचणी आहेत, पण त्या सुटण्यासारख्या आहेत. बोअरचं पाणी जड असेल तर टाकीत क्षार धरतो, तो वेळोवेळी काढावा लागतो. यंत्र बंद खोलीत कोंडलं तर स्वतःच सोडलेली गार हवा परत ओढतं आणि बिल वाढतं. ते मोकळ्या जागीच हवं. दुरुस्तीसाठी एसी-फ्रिजचं काम जाणणारा माणूस जवळच्या गावात आहे का, हे आधी पाहावं. आणि खरेदी करताना यंत्राच्या किमतीशेजारी पुढच्या १० वर्षांचं वीजबिलही लिहावं. नुसती किंमत पाहिली तर गीझरच स्वस्त दिसणार.